शेवटच्या बेडला पाणी का येत नाही

ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत मी उभी हयात घालवली, पण माझ्या धाकट्या मेहुण्याला अजून वाटतं की मी बोअरच्या मोटारी दुरुस्त करत होतो. लग्नकार्यात कुणी चौकशी केली की तोच परस्पर सांगून टाकतो, "आमचे दाजी मोटारवाले." मीही आता खुलासा करायचं सोडून दिलंय. कधी कधी तर वाटतं, मोटारवाला झालो असतो तर सुखी झालो असतो. मोटार जळाली की जळाली. ती कुणी जाळली यावर घरात बैठक बसत नाही. निदान फारशी बसत नाही.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो. विहिरीतलं किंवा शेततळ्यातलं पाणी मोटार उचलते. ते पहिल्यांदा वाळूच्या फिल्टरमधून जातं, मग जाळीच्या फिल्टरमधून. तिथून जमिनीत पुरलेल्या जाड पाइपात आणि शेवटी बोटाएवढ्या काळ्या नळ्यांत. नळीला थोड्या थोड्या अंतरावर ड्रिपर असतात. ड्रिपरची वाट इतकी बारीक की पाणी तिच्यातून थेंबाथेंबानंच बाहेर येतं. सगळं लफडं त्या बारीक वाटेचं. आपल्या सोलापूरचं पाणी जड, त्यातला क्षार साचतो. शेवाळ साचतं. मुंग्या घर करतात. उघड्या रानात एखादा ड्रिपर बंद पडला तर झाड शेजारच्या ओलीवर चार दिवस काढतं. पॉलिहाऊसमध्ये ती सोय नाही. वर प्लॅस्टिक, चहूबाजूंनी जाळी, पाऊस आत येत नाही आणि दव पडत नाही. तिथं थेंब थांबला की झाडाला दुसरं कुणी नाही. म्हणून पॉलिहाऊसवाल्याचा फोन आला की मी पुढ्यातलं ताट सारून निघायचो. बायको त्यावर काय म्हणायची ते इथं लिहीत नाही.

नमुनेदार गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. श्रीपूरकडच्या एका ऊसवाल्याच्या नळ्या वरचेवर बंद पडायच्या. दर वेळी तो कंपनीच्या नावानं शंख करायचा. एकदा मी फिल्टरचं झाकण उघडलं तर आत जाळीच नाही. "जाळी कुठाय?" तर म्हणाला, "काढली की. पानी आडवीत हुती." मी कपाळाला हात लावला. मग त्यानं घरात नेऊन चहा पाजला. त्या चकचकीत स्टीलच्या जाळीत वहिनींनी झारे आणि पळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. मी जाळी मागितली तर वहिनी मनापासून हिरमुसल्या. असल्या गमती सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही, आणि वाचणाऱ्यालाही बरं वाटेल. पण मला आज बरं वाटण्यासारखं काही लिहायचं नाही.

बिघाड सापडतोच. पाणी लबाडी करत नाही. दाब कुठं कमी झाला, कुठपर्यंत पाणी आलं आणि कुठून पुढं गेलं नाही, एवढं शांतपणे बघत गेलं की बिघाड आपणहून समोर येतो. पण मला बोलावणाऱ्यांना बहुतेक वेळा बिघाड नको असायचा. त्यांना माणूस हवा असायचा, ज्याच्याकडं बोट दाखवता येईल असा. बऱ्याचदा तो त्यांनी आधीच ठरवलेला असायचा. मी फक्त होय म्हणायचं.

वैरागच्या पुढं, धाराशिवच्या हद्दीला लागून एक गाव आहे. तिथल्या एका घरातून फोन आला. घरातला थोरला मुलगा बोलत होता. त्याला सगळे दादा म्हणत. "काका, शेवटच्या दोन बेडास्नी पानीच येत न्हाय. मिरची बसली. तुमी या आन समद्यांसमोर सांगा चूक कुणाची हाय ती." मी म्हटलं, आधी बघू तर द्या. तर म्हणाला, "बगायचं काय त्यात. बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय हुनार."

बाई म्हणजे त्याची धाकटी भावजय, जयश्री. या पॉलिहाऊसचं ठिबक मीच बसवलं होतं, त्यामुळं तिला ओळखत होतो. नवरा सतीश पुण्याला कंपनीत. पॉलिहाऊस करायचं ठरलं तेव्हा प्रशिक्षणाला जायला घरातलं कुणी तयार होईना. दादाला कमीपणा वाटला. मग ही गेली. परत येऊन तिनं ढोबळी मिरची लावली, लाल आणि पिवळी, आणि ती सोलापूरच्या मार्केटात नाव काढण्यासारखी आली. मोटारीच्या खोलीची किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या पिनेत अडकवलेली असायची. सकाळी उठून आधी पॉलिहाऊस आणि मग चूल, असा तिचा क्रम होता. सासूबाई हयात नव्हत्या म्हणून तो क्रम चालला असावा. सासरे होते. त्यांना गाव आण्णा म्हणायचं. बोलायला मोजके, पण सून मिरचीचं कॅरेट घेऊन निघाली की उठून तिच्यासाठी फाटक उघडणारे. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून लिहितो.

मी पोचलो तेव्हा पॉलिहाऊसच्या दाराशी, घराच्या अंगणातच, बाजा टाकल्या होत्या. एकावर आण्णा, एकावर दादा. मध्ये स्टुलावर मोबाइल, त्यात सतीश बोलत होता. जयश्री दाराला टेकून उभी होती. दादानं माझ्यादेखत सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोटार नवी आहे, पाणी भरपूर आहे, कंपनीनं काम चोख केलंय, तेव्हा उरलं कोण? मिरची हातची गेली तर पॉलिहाऊस त्यानं बघायचं आणि जयश्रीनं घर बघायचं, हेही ठरून गेलं होतं. मी जाऊन फक्त शिक्का मारायचा होता.

"चला, आत बघू," मी म्हणालो. दादा उठला नाही. आत उकडतं म्हणाला. मग जयश्री आली.

मी नेहमी शेवटापासून सुरुवात करतो. मोटारीजवळ सगळं झकास असतं. खरी परिस्थिती शेवटच्या झाडापाशी कळते. शेवटच्या दोन बेडवरची, म्हणजे गादीवाफ्यांवरची, पानं खाली लोंबली होती, मिरच्यांच्या बुडाला काळे डाग पडले होते. ड्रिपरखालची माती कोरडी ठक्क होती. पुढच्या बेडना पाणी येत होतं, पण रडत रडत. मी जाऊन फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाबाचा काटा बघितला. दोन्हीकडं दाब जवळजवळ सारखाच, म्हणजे फिल्टर स्वच्छ. उघडून बघितला तर जाळी लख्ख.

"रोज धुती मी," जयश्री म्हणाली. "दिवसातनं दोनदा."

जी बाई दिवसातून दोनदा जाळी धुते ती निष्काळजी कशी, हा प्रश्न बाहेरच्या बाजेवर कुणाला पडला नव्हता.

फिल्टर स्वच्छ असून पुढं पाणी जात नाही, म्हणजे घाण नळ्यांतच. मी परत मागं गेलो आणि शेवटच्या नळीचं टोक सोडलं. आधी काहीच आलं नाही. मग एक राखाडी, बुळबुळीत गोळा बाहेर पडला आणि मागून आंबट वास. क्षार असता तर पांढरा आणि खरखरीत लागला असता. शेवाळ असतं तर हिरवं. हे बोटांत धरलं तर नाकातल्या शेंबडासारखं ओघळत होतं. असली बुळबुळ नळीत तेव्हाच वाढते, जेव्हा तिला खायला काहीतरी मिळतं. खतानं ती अशी वाढत नाही.

म्हणून मी खताच्या टाकीकडं गेलो. पाण्यात विरघळणारं खत या टाकीत कालवतात आणि ते मोटारीच्या पाण्याबरोबर नळ्यांत खेचलं जातं. टाकी घासून पुसून ठेवलेली. मी खालचा कॉक खोलला. त्याच्या खाचेत चार-पाच दाणे अडकले होते. मी ते तळहातावर घेऊन उन्हात धरले. जिरं होतं.

मी जयश्रीकडं बघितलं. ती खाली बघत होती.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं घर रानात जेवायला जातं. कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडून पूजा करायची. भाज्या आणि डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडकंभर आंबील. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं घालून केलेली ती आंबील घरातला कर्ता माणूस शिवारभर शिंपत फिरतो. पिकानं आपल्याला खायला घातलं, आज आपण पिकाला घालायचं. मला या सणाइतका देखणा सण दुसरा माहीत नाही. येळवस होऊन तेव्हा काही आठवडे झाले होते.

"आण्णा?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. "त्यास्नी गुडग्यानं आत फिरता येत न्हाय आता, काका. बेडामधली वाट अरुंद. समद्या शिवाराला दिली आन हितल्या झाडास्नी न्हाय, हे पटंना त्यास्नी. मी तिकडं कोपीत पाव्हण्यास्नी वाढत हुते. मी यीस्तोवर मडकं टाकीत वतलं हुतं आन मोटार चालू केली हुती. बटन दाबायला मीच शिकीवलं हुतं, आन खोली त्या दिशी उघडीच हुती. मी आले तर दारात बसले हुते. मला म्हनले, पोरी, यंदा एकबी झाड उपाशी न्हाय राह्यलं. काय सांगनार हुते मी त्यास्नी?"

मलाही सांगता आलं नसतं.

तिनं त्याच दिवशी टाकी धुतली, नळ्यांची टोकं सोडून पाणी काढलं. पण भरड पीठ जाळीत अडकलं तरी ताक आणि बारीक पीठ पुढं गेलं होतं. दिवसा पॉलिहाऊसमध्ये भट्टी असते. नळ्यांत बुळबुळ वाढत गेली आणि शेवटच्या बेडपासून ड्रिपर मिटत गेले. ती पहाटे उठून एकेक नळी धूत होती. विचारलं कुणी तर क्षार आहे म्हणत होती.

"काका, तुमीबी क्षार म्हना. पानी जड हाय म्हना. औषध तेवडं सांगा, मी करून घीन साफ."

"आणि ठपका तुझ्यावर येईल त्याचं काय?"

"माज्यावर हायच की. नवा कुटं हाय."

क्षार म्हणायला माझं काही जात नव्हतं. पण पाणी जड आहे म्हटलं तरी दादा काय बोलणार ते मला दिसत होतं. मग पाणी जड होतं तर हिनं बघितलं का नाही? तिची किल्ली जाणार, हे नक्की होतं. उलट आण्णांचं नाव निघालं तर या घरात पुढं कुणी तोंड उघडणार नाही, उलट हसतील, आणि विषय मिटेल, असा माझा हिशेब होता. आण्णांना रागावायची कुणाची छाती होती? मी बाहेर आलो आणि जेवढं हळुवार सांगता येईल तेवढं सांगितलं. बिघाड मोठा नाही. येळवशीची आंबील टाकीतून नळ्यांत गेलीय. श्रद्धेनं गेलीय, पण तिथं आंबलीय. नळ्या साफ केल्या की झालं.

दादा बघतच राहिला. आण्णा मात्र लगेच म्हणाले, "व्हय, म्याच वतली. समद्या शिवाराला देतो आन हीच काय सावत्र हायती?" मग त्यांना माझं बोलणं उमगलं असावं. त्यांनी पॉलिहाऊसकडं बघितलं. "त्यानं झाडं मरत्यात?"

"मरणार नाहीत आण्णा. मी करतो नीट."

ते माझ्याकडं बघतच नव्हते. सुनेकडं बघत होते. "तुला म्हाईत हुतं?"

जयश्रीनं दारातूनच मान खाली घातली.

"रोज माज्या हातात च्या दिलास. आन मला सांगितलं न्हाईस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. सून आपल्याला कळण्याच्या पलीकडचा म्हातारा समजते, असं काहीतरी त्यांना लागलं असावं. तिनं ज्या मायेनं लपवलं, ती माया त्यांना अपमान वाटली. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. तिनं बोलायला हवं होतं, आणि त्यांनी समजून घ्यायला हवं होतं. पण खरा राग यायचा तो पुढं आला.

दादाला हवं ते सापडलं होतं. "बगा," तो म्हणाला. "आंबील गेली ते जाऊ द्या. आण्णांनी देवाचं म्हनून घातलं. पन हिला ठावं असून हिनं घरात लपवून ठिवलं. आज आंबील लपीवली, उद्या काय काय लपवंल?"

"ती रोज पहाटे नळ्या धूत होती," मी म्हणालो. "तिनं लपवलं म्हणून ड्रिपर बंद नाही पडले. उलट अर्धे चालू आहेत ते तिच्यामुळं."

"काका, तुमचं काम नळ्यांचं. घरातलं घरात राहू द्या."

मग तो मोबाइलकडं वाकून म्हणाला, "सतीश, ऐकलंस न्हवं?" सतीशनं ऐकलं होतं. पुण्याहून त्याचा आवाज आला, मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "जयू, दादा म्हनतोय तसं कर. मी हितनं काय बगू?"

मी आण्णांकडं बघितलं. त्या अंगणात त्यांचा एक शब्द पुरला असता. किल्ली तिच्याकडंच राहू द्या, एवढं म्हणाले असते तर दादाची जीभ टाळूला चिकटली असती. ते आपल्या पायाच्या बोटांकडं बघत बसले. जयश्रीनं पदराआड मान वळवून पीन उघडली, किल्ली काढली आणि स्टुलावर मोबाइलशेजारी ठेवली. घरात जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. मीही तो प्यालो. नको म्हणायला हवं होतं, पण तिनंच केलेला चहा नाकारून मी कुणावर सूड उगवणार होतो?

नळ्या मी साफ केल्या. क्लोरीनचं पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी टोकं सोडून धुऊन काढलं. पुढं काय काळजी घ्यायची ते दादाला समजावलं. तो मान हलवत मोबाइल बघत होता. शेवटच्या बेडला थेंब पडायला लागला तेव्हा तिथं मी एकटाच उभा होतो. एरवी असा थेंब बघून मला जेवल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी हत्यारं पिशवीत टाकली आणि निघालो. लोक म्हणतात, तुमचं काम पुण्याचं, पाणी पोचवता. मी त्यांना हात जोडतो.

कुणी म्हणेल, तुम्ही क्षार म्हणायला हवं होतं. मी तो विचार उलटसुलट करून बघितलाय. क्षार म्हटलं असतं तरी किल्ली गेलीच असती, फक्त आण्णा सुनेच्या हातचा चहा सुखानं पीत राहिले असते. आज बोलावलं तरी मी जिऱ्याला जिरंच म्हणेन. पण खरं बोललं की माणसाची सुटका होते, असं जे आपण मुलांना शिकवतो, ते मी माझ्या नातवंडांना शिकवत नाही.

त्या घराचं पुढं कानावर येत राहिलं. दादानं एक हंगाम कसाबसा काढला. नंतर फिल्टर तुंबला, तो धुवायला माणूस मिळेना, मग मिरची उपटून आत कडबा आणि ट्रॅक्टर ठेवला. प्लॅस्टिक फाटलं ते तसंच फडफडतंय. आण्णांनी पुढच्या येळवशीला आंबील शिंपायला हातच लावला नाही म्हणे. पूजा झाल्यावर मडकं दादाच्या हातात दिलं आणि कोपीत जाऊन पडले.

निवृत्त झाल्यावरही जुने लोक बोलावतात, मी जातो. परवा बार्शीजवळच्या एका पॉलिहाऊसवर गेलो होतो. जरबेराची फुलं. मालक शिकलेला, हौशी, बोलका. फिल्टरच्या अलीकडचा काटा अडकला होता, एवढंच काम होतं. आत शिरताना माझी नजर सवयीनं शेवटच्या बेडकडं गेली. तिथं एक बाई उकिडवी बसून नळीचं टोक सोडून पाणी वाहू देत होती आणि ओंजळीत धरून बघत होती. जयश्री होती. तिनं मला ओळखलं, उठली, पदराला हात पुसले.

"बरं हाय का काका?"

"बरं आहे. तू इथं?"

"जीपगाडी येती गावात. सकाळी न्हेती, संध्याकाळी सोडती." एवढं बोलून तिनं टोक पुन्हा बसवलं आणि पुढच्या नळीकडं गेली.

मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून कौतुकानं म्हणाला, "काका, ह्या बाईसारखी बाई मिळायची न्हाय. सांगावं लागत न्हाय काय. सोताचं असल्यागत बगती बघा समदं."

जयश्री जवळच होती. तिला ऐकू गेलं. ती वाकलेलीच राहिली. मी मालकाला पाना मागितला आणि काटा खोलायला घेतला.